कामी येईन

आमच्या मेव्हणीचं नवंनवं लग्न झालं होतं. जावई पुण्याचे. पहिल्या दिवाळीला ते दोघं अमरावतीला आमच्याकडे आले. संत्रा बर्फीचं खोकं पुढ्यात आल्याबरोबर जावयांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, जुडग्यातून एक इवलीशी कात्री काढली, आणि खोक्याचा दोरा कचकन कापला.

घर एकदम गप्प झालं. आमच्याकडे दोरा कापत नाहीत, सोडवतात. गाठ नखानं सुटली नाही तर सुईनं, सुईनं सुटली नाही तर दातानं, आणि तरीही सुटली नाही तर बर्फी दुसऱ्या दिवशी खातात.

आमच्या हिनं दोऱ्याचे दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना बांधले आणि फ्रिजवरच्या गुंडीवर गुंडाळले. ही गुंडी आमच्या लग्नाच्या वर्षी लिंबाएवढी होती, आता नारळाएवढी झाली आहे. मग पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून ही हसून म्हणाली, "राहू द्या जवाईबापू, कामी येईन."

जावई गोंधळले. मला गॅलरीत नेऊन हळूच विचारू लागले, "ताई कुणाच्या कामी येणार आहेत?"

त्यांचा काही दोष नाही. पुण्यात 'येईन' म्हटलं की बोलणारा स्वतः येतो. वऱ्हाडात पाऊसही येईन, पाहुणाही येईन, अन् गेलेली लाइनही थोड्या वेळानं येईन. मी त्यांना हे व्याकरण नीट समजावलं. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की पाहुण्यांनी ऐकलं तेच खरं. आमच्या घरात 'कामी येईन' असं वस्तूच म्हणतात. बूड गेलेली बादली म्हणते, कान तुटलेली कढई म्हणते, जोडीदार हरवलेला मोजा तर फार काकुळतीनं म्हणतो. आम्ही फक्त ऐकून घेतो आणि त्यांना माळ्यावर ठेवतो.

वस्तूला निवृत्ती आहे, पण मरण नाही, हा आमच्या घरचा वेदान्त. तो मला पहिल्यांदा नीट समजला आमचा जुना कूलर वारला तेव्हा. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे सरकला की कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो. त्याच्यासमोरची जागा मानाची. त्याला पाणी पाजल्याशिवाय घरात कुणी जेवायला बसत नाही. तर त्या कर्त्या पुरुषाची मोटर जळली आणि टाकीला गंजून भोकं पडली. मी कबाड्याला बोलावलं. त्यानं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि किलोचा भाव सांगितला.

"किलोनं?" ही दारातून म्हणाली. "पंधरा वर्षं घर थंडं ठेवलं त्यानं. किलोनं देता काय त्याले?"

कबाडी गेला आणि कूलरचं अवयवदान सुरू झालं. टाकीत पालक पेरला. कुंडीला भोकं लागतातच, ती पाडायचे कष्ट गंजानं आधीच वाचवले होते. तिन्ही बाजूंच्या जाळ्या सुट्या करून धुतल्या. आता दर उन्हाळ्यात त्यांच्यावर ज्वारीच्या बिबड्या आणि मुगवड्या वाळतात. समोरच्या पट्ट्यांची चौकट भिंतीला टेकवली, तिच्यावर दोडक्याचा वेल चढला. लोखंडी स्टँडवर माठ बसला. आतलं जुनं गवत कुंड्यांच्या मातीवर अंथरलं, म्हणजे ऊन खालपर्यंत पोचत नाही. त्यातलं अर्धं चिमण्यांनी घरट्यासाठी पळवलं. हिला त्याचा राग नाही आला, उलट कौतुक वाटलं. "शहाणी हाये," ही चिमणीकडे बघून म्हणाली. "बजारातून नाई आणलं तिनं."

शेवटी पंख्याच्या पात्या तेवढ्या उरल्या. त्या अकरा वर्षं माळ्यावर होत्या. त्यांचं काम अजून निघायचं होतं. ते निघेल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या घरी पात्या नसतील, याची हिला खात्री होती.

ही सवय आमच्या एकट्याच्या घराची म्हणावी तर तसंही नाही. सगळा मुलूखच तसा. अचलपूर, मूर्तिजापूर आणि यवतमाळला एकेकाळी जोडणारी आमची शकुंतला रेल्वे घ्या. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून गाडी ओढू लागलं, आणि १९९४ पर्यंत ओढत राहिलं. या सत्तर वर्षांत साहेब गेला, स्वराज्य आलं, माणूस चंद्रावर जाऊन परत आला. वऱ्हाडात मात्र कुणीतरी रोज सकाळी त्या इंजिनाकडे बघून म्हणत असणार, राहू दे, चालते ना अजून.

ही मूळची अकोल्याची, हेही इथे सांगितलं पाहिजे. अमरावती-अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण पाण्याच्या बाबतीत दोन्हीकडचं शिक्षण वेगळं. लग्न ठरवताना सासरे म्हणाले होते, "आमचं पाणी महान आहे." मला तो गावाचा अभिमान वाटला. पुढे कळलं की काटेपूर्णेचं धरण महान नावाच्या गावाजवळ आहे आणि अकोल्याच्या नळाला तिथलं पाणी येतं. येतं म्हणजे दर काही दिवसांनी येतं. विहिरीच्या भरवशावर राहावं तर पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. त्यात डाळ शिजायला रुसते, साबण फेस द्यायला रुसतो, आणि झाडाला घातलं तर मातीवर पांढरी पापुद्री धरते. ज्या गावात पाणी असून नसतं, तिथल्या मुलीच्या हातून तांब्या कधी तिरका होत नाही.

आमच्या संसारातलं पहिलं भांडण पैशावरून झालं नाही, माहेर-सासरावरून झालं नाही. गरम पाणी येईपर्यंत मी मोरीत तांब्याभर थंड पाणी वाहू दिलं, त्यावरून झालं. तेव्हापासून आमच्या घरात पाण्यालाही चार आश्रम आहेत. डाळ-तांदूळ धुतात तो ब्रह्मचर्याश्रम. त्याच पाण्यात पालेभाजीची माती निघते तो गृहस्थाश्रम. मग त्यानं ओटा-फरशी पुसली जाते, तो वानप्रस्थ. शेवटी ते गच्चीवर झाडाझुडपांत जातं, तो संन्यास. त्याला मोक्ष मिळतो अळूच्या पानात, आणि अळूला आमच्या ताटात.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. घरची भाजी हा या काटकसरीचा कळस. आणि आमच्या जिल्ह्याला या बाबतीत नाव राखायचं आहे, कारण शून्य खर्चाची नैसर्गिक शेती सांगणारे सुभाष पाळेकर आमचेच, बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं जीवामृत प्रसिद्ध आहे: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, तेवढंच किंवा थोडं कमी गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. दोन दिवसांत ते एक एकराला द्यायला तयार होतं.

मी हे सगळं दहानं भागलं आणि वीस लिटरची बादली घेऊन गच्चीवर गेलो. शून्य खर्च हे शब्द वाचूनच गेलो होतो. फक्त एक गोष्ट नजरेतून सुटली. ज्याच्याकडे एकर असतो त्याच्या घरी गाय असते. माझ्या घरी स्कूटर आहे.

त्या वर्षीचा वांग्यांचा हिशेब माझ्या वहीत आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून आणलेली रोपं, ४० रुपये. सासरहून तिथे जायला-यायला रिक्षा, १२०. बाटलीतलं गोमूत्र, १६०. गूळ आणि बेसन, ९०. शेणासाठी गोठ्यापर्यंत तीन खेपा, पेट्रोल १००. वांदरांसाठी जाळी, १३०. एकूण ६४० रुपये. शिवाय वहीत न लिहिलेला एक खर्च: एका रविवारी पहिला पाऊस आला तरी भजी झाली नाहीत. बेसन वांग्यांनी खाल्लं होतं.

झाडांना सात वांगी लागली. दोन वांदरांनी नेली. वांदरांना जाळी म्हणजे झोपाळा वाटला. एकात अळी निघाली. एक हिनं बियाण्यासाठी झाडावरच पिकू दिलं. राहिली तीन. म्हणजे वांगं नगाला दोनशे तेरा रुपयांना पडलं, वर तेहतीस पैसे. इतवारा बाजारात त्या आठवड्यात वीस रुपये किलो होती. मी हा हिशेब जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला. हिनं माझ्या ताटात भरल्या वांग्याचा रस्सा वाढला आणि शांतपणे विचारलं, "इतवाऱ्यातल्या वांग्याचं फूल पाह्यलं होतं काय तुम्ही?"

पाहिलं नव्हतं. गच्चीवरच्या प्रत्येक फुलाला मी रोज सकाळी चहा घेता घेता मोजलं होतं, हेही खरं. वही मिटली.

आता काटकसरीच्या शास्त्रातलं सर्वांत अवघड प्रकरण: भांडेवाली. दुपारी तीनच्या सुमारास गल्लीत "कपड्यांवर भांडेऽऽ" अशी हाक येते आणि झोपलेल्या बायका खडबडून उठतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओट्यावर जी बैठक झाली, तिच्यापुढे सरकारी वाटाघाटी म्हणजे पोरखेळ. विषय होता झाकणाचा एक स्टीलचा डबा. भांडेवालीनं हिची जांभळी साडी उन्हाकडे धरली.

"ताई, हे तं जाळी झाली."

"जाळी कायची? हवेशीर हाये. उन्हाळ्याचीच साडी हाये ते."

"अन् हे एवढं भोक?"

"ते आमच्या ह्यायनं पाडलं. साडीचा काय दोष त्यात?"

भोकाचं खरं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी प्रेमानं त्या साडीला इस्त्री करायला घेतली होती. रेडिओवर मॅच चालू होती, शेवटची ओव्हर होती. साडी सिंथेटिक, इस्त्री तापलेली. साडीत एक रेखीव त्रिकोण उमटला आणि मागे आरपार भोक राहिलं. पुढे कित्येक वर्षं हिनं ते निऱ्यांत लपवून ती साडी नेसली.

"या डब्याले पाच साड्या लागतीन, ताई."

"पाच साड्यांत तं माहं लग्न झालं!"

भांडेवाली उठून दोनदा फाटकापर्यंत गेली, दोनदा परत आली. मध्ये चहा झाला. चहाच्या निमित्तानं तिच्या पोरीच्या बाळंतपणाची चौकशी झाली, त्यामुळे भाव थोडा उतरला. तासाभरानं तीन साड्या आणि माझ्या एका पॅण्टवर सौदा पटला. ती पॅण्ट मी सोमवारी ऑफिसला घालून जाणार होतो, ही बाब कार्यवृत्तात आली नाही. डबा मात्र घरात आला. त्यात काय ठेवलं म्हणाल तर झाकणं. जे डबे आता आमच्याकडे नाहीत, त्यांची झाकणं.

असं सगळं असताना एक दिवस मी गाडगेनगरला बाबांच्या समाधीवर गेलो, आणि तिथे उगाच ओशाळलो. वस्तू पुन्हा वापरण्यात गाडगेबाबांच्या वरचढ माणूस आमच्या मुलखातच काय, कुठेही झाला नसेल. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण आजोळी दापुऱ्याला, मूर्तिजापूरकडे, म्हणजे अकोला जिल्ह्यात गेलं. दोन्ही जिल्ह्यांना त्यांच्यावर हक्क सांगता येतो, आणि आम्ही सांगतो. त्यांच्या अंगावर जोडलेल्या चिंध्यांचा अंगरखा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा. आणि ते फुटकं गाडगं! भूक लागली की त्यात भाकरी-कालवण घ्यायचं, चालायला लागलं की तेच डोक्यावर उपडं घालायचं. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंनी हा माणूस नखशिखांत सजला होता, आणि त्या खापरावरूनच जग त्यांना ओळखत होतं.

स्वतःसाठी असा कंजूष माणूस दुसऱ्यासाठी किती उधळ्या असावा? पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या केल्या, ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. भाकरी घेण्याआधी ते त्या घरचं काहीतरी काम करत. कीर्तनातून सांगत की घरात ताट नसलं तरी चालेल, हातावर भाकर खा, पण पोरांना शिकवा. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढीच्या पुलावर ते गेले, तेव्हा त्यांच्या मागे स्वतःचा म्हणून संसार नव्हता. त्यांच्या नावाचं विद्यापीठ पुढे अमरावतीत झालं.

समाधीपुढे हात जोडताना मी मनात गणित केलं. बाबांकडे एक खापर होतं आणि त्याला दोन कामं होती. आमच्या माळ्यावर दोनशे वस्तू आहेत आणि त्यांना मिळून एकही काम नाही. म्हणजे ज्याला आम्ही इतकी वर्षं काटकसर म्हणत होतो ती नुसतीच साठवण निघाली. घरी येऊन मी हे हिला सांगितलं. हिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबांच्या घरी माळा कुठी होता?"

यावर उत्तर नव्हतं. उत्तर मिळालं ते त्याच वर्षी भाद्रपदात, बोरगाव मंजूच्या अलीकडे.

सासूबाईंना भेटायला आम्ही सगळे अकोल्याला निघालो होतो, पुण्याच्या जावयांच्या गाडीतून. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, कुरणखेड गेलं आणि मागचं चाक बसलं. जावई जॅक काढू लागले. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. समोर तूर आणि सोयाबीनचं हिरवंगार वावर, आणि वावराच्या चहूबाजूंनी साड्या. हे आमच्याकडचं नेहमीचं दृश्य. रानडुकरं आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात, तारेचं कुंपण परवडत नाही, म्हणून शेतकरी जुन्या साड्या विकत आणून काठ्यांना बांधतात. रंगीत कापड वाऱ्यानं फडफडलं की जनावर बिचकतं. लांबून बघावं तर वावराला लग्नाचा मांडव घातल्यासारखं दिसतं.

ही बघता बघता पुढे गेली, थबकली, आणि ओरडली, "अहो! इकडे या!"

तिसऱ्या आणि चौथ्या काठीच्या मध्ये जांभळी साडी. तिच्या मधोमध, इस्त्रीच्या टोकासकट, रेखीव त्रिकोण. त्यातून पलीकडची तूर दिसत होती.

भांडेवालीच्या गाठोड्यातून कुठल्या बाजारात, तिथून कुणाच्या हाती, असा प्रवास करत ती इथे येऊन उभी राहिली होती. वीस वर्षं आमच्याकडे राहून जे साधलं नाही ते तिला इथे साधलं होतं. हात पुसत जावई आले. त्यांना सगळी कथा सांगितली, माझ्या इस्त्रीसकट. बारा वर्षांत ते आमच्यात बरेच मुरले आहेत. हसून म्हणाले, "म्हणजे ताई, आली की नाही कामी?"

"आली कुठी?" ही म्हणाली. "अजून कामातच हाये. तूर निघाल्यावर सांगजा."

मग हिनं नजर बारीक करून त्या काठीकडे पाहिलं. "पाहा, गाठ बरोबर मारली नाई. एका वादळात पदर फाटन." धुऱ्यावर चढून हिनं ती सैल गाठ सोडली, साडी ताणली, पर्समध्ये हात घातला आणि दोऱ्याचं एक छोटं भेंडोळं काढलं. दोन वेढे, एक पीळ, एक पक्की गाठ. दोऱ्याच्या मधोमध आणखी एक जुनी गाठ होती. जावयांनी ती पाहिली आणि ते ओशाळं हसले. तो त्या बर्फीच्या खोक्याचाच दोरा असेल असं काही नाही. आमच्याकडच्या प्रत्येक दोऱ्याला मध्ये गाठ असते.

परतीच्या वाटेवर ही फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर माळ्याला शिडी लागलेली. अकरा साड्या खाली आल्या. अकोल्याकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हातानं त्या बोरगाव मंजूकडे पाठवायचं ठरलं. मग बादली आली, कढई आली, मोजे आले, झाकणांचा डबा आला. पंख्याच्या पात्यासुद्धा आल्या. एका पातीकडे ही जरा वेळ बघत राहिली, पण गेली तीही.

संध्याकाळी मी खालून वर पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा माळ्याची फळी दिसत होती. एवढी जागा! पुस्तकांची पेटी, जुना रेडिओ, ऑफिसच्या फायली, असं बरंच काही माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी शिडीला हात घातला.

"काय ठेवता तिथं?" मागून आवाज आला. "राहू द्या रिकामी. कामी येईन."